कडेवरच्या लेकरांची शिकवणी

बाई, मोताळ्याच्या आपल्या वस्तीत शाळा सुटल्यावरची शिकवणी आता मी घेते. समाजमंदिरात बसतो आम्ही. सध्या कापसाची वेचणी चालू आहे, आया अंधार पडेस्तोवर शेतातच असतात. म्हणून सातवीतल्या दोघी मुली धाकट्या भावांना कडेवर घेऊन येतात. त्यातला एक रांगतो, दुसरा खडू खातो. ही पद्धत तुमचीच. तुमच्या ओसरीवरच्या शिकवणीत माझ्या भावाने सतरंजी ओली केली होती. मी शरमेने त्याला उचलून निघाले, तर तुम्ही केवढ्या खेकसलात. "बस खाली. सतरंजीचं मी पाहून घेईन, तू गणित कर." तुम्ही इतकं रागावूनही मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात खर्च देणाऱ्या संस्थेचे साहेब बुलढाण्याहून पाहणीला आले. माणूस वाईट नाही. पण लेकरं पाहिली आणि म्हणाले, हे काय पाळणाघर आहे? लहान मुलं उद्यापासून बंद, नाहीतर शिकवणीच बंद करावी लागेल. तेवढ्यात त्या दोघींतली एक दप्तर आवरू लागली. काऊन गं, मी विचारलं.

"मंग मी बी नाही येत बाई. याले कोनापाशी ठेवू?"

तिच्या बोलण्यात तक्रारसुद्धा नव्हती, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. साहेबांचं चालूच होतं, पोर मांडीवर घेऊन ही काय डोंबल शिकणार. तिला अपूर्णांक येतात, धडा न अडखळता वाचते, हे सगळं मला सांगता आलं असतं. ते सोडून मी भलतंच बोलून गेले. म्हटलं, साहेब, मी हिच्याएवढी असताना अशाच शिकवणीला जायचे, ती अभ्यासासाठी नाही. संध्याकाळी लहान भावाला घेऊन एकटीने घरात बसायची मला भीती वाटायची. बाहेरून कोणी कडी वाजवली की मी श्वास रोखून बसायचे. अभ्यास झाला तो तिथे बसलेच होते म्हणून. साहेबांनी खाली वाकून धाकट्याच्या तोंडातला खडू काढला. मग म्हणाले, येऊ द्या त्यांना, वरच्यांना मी सांगतो.

तुम्ही तर गेलात, आता हे पत्र टाकणार तरी कुठे. या पोरीला अभ्यासाची भारी गोडी, असं तुम्ही माझ्या आईला, शाळेत, सगळ्यांना कौतुकाने सांगायचात. तुमचा तो समज मोडायचा मला कधी धीर झाला नाही. खरं कारण तुम्हाला सांगायचं राहिलं बाई, आणि पहिल्यांदा ऐकलं ते एका परक्या माणसाने.