मधलं दार

१४ ऑक्टोबर

आई आज पुन्हा आश्रमातून बाहेर पडली. भाजीवाला क्रेट घेऊन आत आला आणि त्याच्या पाठीमागून ही बाहेर. पायात घरातल्या सपाता, हातात कापडी पिशवी. बस डेपोपाशी सापडली. पावसात चिंब, पण अगदी शांत. म्हणे, "पोरगी शाळेतून येईल. दार बंद असेल."

पोरगी म्हणजे मी, सत्तेचाळीस वर्षांची. दुकानात निवडणुकीचे फलक छापत बसली होती.

आश्रम चालवणाऱ्या कुओबाईंनी ऑफिसात बोलावून चहा दिला. त्या चहा देतात तेव्हा बातमी वाईट असते. "मालकीणबाई, हा वृद्धाश्रम आहे, तुरुंग नाही. आगबिग लागली तर म्हणून त्या दाराला कुलूप घालता येत नाही. पण पुन्हा एकदा गेल्या, तर मला त्यांना ठेवून घेता यायचं नाही."

मग फोन पुढे केला. कुठल्याशा परदेशी आश्रमाचा फोटो. बाहेरचं दार आणि दोन्ही बाजूंची भिंत, सगळ्यावर मिळून पुस्तकांच्या कपाटाचं चित्र चिकटवलेलं. दार आहे हे कळतच नाही. "दार दिसलं नाही की जावंसंही वाटत नाही. तुमचा तर हाच धंदा!"

हो. माझा हाच धंदा.

१५ ऑक्टोबर

तिला घरी आणावं का? सकाळपासून तेच. पण जिना उभा. खाली छपाईची मशीन, कटर. मागच्या हिवाळ्यात तिने गॅस चालू ठेवला आणि शेगडीशेजारी बसून छान शेंगा सोलत होती.

नाही जमणार. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या पुन्हा हाच विचार नको.

१८ ऑक्टोबर

आश्रमाची भिंत पाहून आले. हात फिरवला. वाईट भिंत! डाग पुसता यावेत म्हणून गुळगुळीत रंग दिलाय, त्याला काही धरत नाही. त्यात आमच्या कीलुंग बंदराची पावसाळी ओल. त्यात रोज सकाळी ब्लीचचं फडकं. आणि त्यात नखं — दिवसभर काही काम नसलेली माणसं सुटा कोपरा सोडतील होय?

दुपारी त्साय रोल घेऊन आला. वीस वर्षं हा माणूस मला चित्र छापून चिकटवायचं व्हिनाईल विकतोय आणि वीस वर्षं त्याचा प्रत्येक रोल जगात सर्वोत्तम.

"हा घ्या मालकीणबाई. मगरीसारखा धरतो."

"मागच्या वेळी मच्छीबाजारात धरला तसा? महिन्यात सगळे कोपरे कानासारखे उभे!"

"ती भिंतीची चूक."

"तुझ्या मालाची कधी चूक असते का रे?"

"माझी असते. स्वस्त दाखवतो, तुम्ही घेता."

हसले. बऱ्याच दिवसांनी.

तीन नमुने ठेवून घेतले. एक जाड, स्वस्त. जाड माल गुंडाळीत राहिलेला असतो, ते विसरत नाही. संधी मिळाली की पुन्हा वळायला बघतो. दुसरा मधला, काढता येणाऱ्या गमचा. तिसरा पातळ, महाग, कायमच्या गमचा. बोटांना जवळजवळ लागतच नाही, भिंतीच्या खाचाखोचांत बसतो.

"पण तो काढायला जाल तर भिंतीचा रंगही निघेल हां," त्साय म्हणाला. "काढायचंय का कधी?"

"नाही," म्हटलं.

२० ऑक्टोबर

तळहाताएवढे तिन्ही तुकडे दाराशेजारी लावले. तीन आठवडे बघू. कुओबाईंना घाई आहे, म्हणाल्या, "तुम्ही इतक्या वर्षांच्या अनुभवी, नमुने कशाला?" मी म्हटलं, भिंत माझा अनुभव विचारत नाही.

चार वाजता आई पिशवी घेऊन हजर. रोज चारला येते. सगळ्या आश्रमाला तिच्यावरून वेळ कळते. वुलान, तिची देखभाल करणारी मुलगी, इंडोनेशियाहून आलेली, तिला समजावत होती: "आजी, घर कुठेय? पत्ता सांगा, मी सोडते." आई विचारात पडली. ओठ हलले. पत्ता येईना. दरवेळी इथेच अडते आणि मग तिचा चेहरा असा होतो की मी भिंतीकडे वळते.

आज माझ्याकडे वळून म्हणाली, "तू लिमच्या छापखान्यातली ना? मालकिणीला सांग, गम चांगला घे म्हणावं. चिक्कू आहे मेली."

"सांगते," म्हटलं.

२६ ऑक्टोबर

जाड तुकडा उठला. हुश्श. निदान एक अंदाज बरोबर.

२९ ऑक्टोबर

मधला गायब! वुलान पोट धरून हसत होती. आश्रमातल्या ओंग आजोबांनी अख्खा सोलून छातीवर चिकटवला. पदक! झोपतानाही काढू देईनात. काढता येणारा गम खरोखर काढता येतो, हे सिद्ध झालं.

पातळ तुकडा जागच्या जागी. ब्लीच, ओल, नखं — सगळं सोसून. मी नखाने कोपरा उचलायचा प्रयत्न केला. नख मोडलं.

बरं वाटायला हवं होतं.

२ नोव्हेंबर

पुस्तकांचं कपाट चालणार नाही. इथल्या बायकांनी जन्मभर बंदरावर मासळी निवडली. पुस्तकं पाहून त्या थांबतील कशाला? ओंग आजोबा तर पुस्तक ओढून काढायला जातील.

मग काय? जंगलातली वाट, समुद्रकिनारा, कुओबाईंच्या सगळ्या कल्पना अशा की पाहणाऱ्याला उठून चालावंसंच वाटेल.

आज बसमधून समुद्रदेवी मात्सूचं देऊळ दिसलं आणि सुचलं.

देवळाचं मधलं दार. लाल, द्वारपालांच्या चित्रांचं. त्याला कोण हात लावतं? माणसांनी बाजूच्या दारांनी जायचं, मधलं दार देवाचं. लहानपणी एकदा जत्रेत मी मधूनच धावत आत शिरले होते. आईने देवीसमोर पाठीत धपाटा घातला होता. "मधून जायला तू काय देव आहेस?"

बाकी सगळं विसरेल. हे विसरणार नाही.

८ नोव्हेंबर

देवळाच्या दाराचा फोटो काढायचा, तर देवीला विचारायला हवं. हात जोडले. आधी नाव, जन्मतारीख, पत्ता. सांगितला नाही तर देवीने शोधायचं कुठे आपल्याला? मग मागणं. मग कौल घ्यायचे, चंद्रकोरीसारखे दोन्ही लाकडी तुकडे खाली टाकले.

दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसली.

हसली म्हणजे ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. शेजारची बाई म्हणाली, "नीट विचारलं नसशील. काय हवंय ते स्पष्ट बोल की!" मी स्पष्ट म्हटलं: मात्सू आई, माझ्या आईने आश्रमाबाहेर पडू नये, म्हणून तुझं दार हवंय.

म्हटलं आणि लाज वाटली. समुद्रावर चुकलेल्यांना घरी आणणारी ही देवी, आणि मी तिच्याकडे काय मागतेय!

पुन्हा टाकले. एक वर, एक खाली. हो.

१५ नोव्हेंबर

निवडणूक. निवडणूक. निवडणूक. सगळे उमेदवार एकाच कोनातून हसतात. हातांना शाईचा वास, जेवताना भातालाही तोच.

२७ नोव्हेंबर

निकाल लागले. आता जिंकलेल्यांचे आभाराचे फलक, हरलेल्यांचेही आभाराचे फलक. मधल्या वेळात देवळाचं दार छापलं. लाल रंग तीनदा बदलला. आधीचा फार चकचकीत. देवळाचं दार धुराने काळवंडलेलं असतं.

वर मॅट थर द्यायचा. चमक राहिली तर ट्यूबलाइट दिसेल आणि फसवणूक कळेल. पण शाई आधी पुरती वाळायला हवी. ओलीवर थर दिला की वास आत कोंडतो, मग कडा सुटतात. कुओबाईंचे दोन फोन. "आजच लावा ना!" नाही. उद्याही नाही.

खरं लिहू? शाई कालच वाळली होती.

३० नोव्हेंबर

लावलं.

भिंत स्पिरिटने पुसली, सुकवली, वरून खाली रबरी पट्टीने दाबत आले. एकही बुडबुडा नाही. दाराच्या फटीशी ब्लेडने बारीक काप दिला, कडा आत वळवल्या, हीट गनने शेकून बसवल्या. कडीवरही लाल तुकडा. दोन पावलं मागे गेले. दार नाहीसं झालं होतं आणि तिथे दुसरं दार उभं होतं, न उघडणारं.

आई सगळा वेळ खुर्चीत बसून बघत होती. मध्येच उठली, खालचा कोपरा अंगठ्याने दाबला. "इथे रिकामं राहिलंय." खरंच राहिलं होतं. आम्ही दोघींनी मिळून दाबला. तिचा अंगठा, वर माझा. नव्या वर्षाचे शुभेच्छांचे लाल कागद घराच्या दारावर आम्ही असेच चिकटवायचो, भाताच्या पेजेने.

बंद करतेय मी तिला. तीच मला मदत करतेय.

चार वाजले. पिशवी घेऊन आली. चित्रासमोर थांबली. वाकून नमस्कार केला. परत फिरली.

कुओबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी अवजारं गोळा करत बसले, फार वेळ.

३ डिसेंबर

कुओबाईंचा नवा हुकूम: आता सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराने यायचं, नाहीतर चित्राचा उपयोग काय. मला तेवढी सूट. "तुम्ही कडा तपासायला येता ना, तुम्ही या मधून." म्हणून रोज दुकान बंद केलं की बाहेरून दार ढकलते, आत येते, कडांवरून बोट फिरवते. कुठेही उठलेलं नाही.

७ डिसेंबर

खालचा कोपरा घट्ट. आई शांत. त्सायला फोन करून सांगितलं, या वेळी खरंच मगर दिलीस. तो लगेच नव्या रोलचा भाव सांगू लागला. कौतुकाची सवय नाही बिचाऱ्याला.

१२ डिसेंबर

वुलान म्हणाली, "ताई, आजी आता घरी जायचं म्हणतच नाहीत! चारला येतात, त्या चित्रापुढे उभ्या राहतात, काहीतरी पुटपुटतात आणि बसतात. भांडण नाही, रडणं नाही."

"काय पुटपुटतात?"

"तुमची जुनी भाषा. मला कुठे कळते! पण ताई, आजींना तुमची वाट बघायची सवय लागलीय. दार हललं की उठून उभ्या राहतात."

उठून उभी राहते! माझ्यासाठी!

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने कागदी रुमाल दिला.

१६ डिसेंबर

आज आईने मला संत्रं दिलं. स्वतःच्या जेवणातलं राखून ठेवलेलं. दोन्ही हातांनी दिलं. "मालकिणीला सांग" नाही, "चिक्कू मेली" नाही. किती हळू बोलली! "इतक्या लांबून आलात, दमला असाल."

अहो-जाहो का करते, कळलं नाही. पण दमलेय हे तिला दिसलं. गेल्या कित्येक महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

संत्रं खाल्लं नाही. मशीनवर ठेवलंय. दुकानाला वास येतोय.

१९ डिसेंबर

कुओबाईंना त्यांच्या दुसऱ्या दोन आश्रमांतही असंच हवंय. हो म्हटलं. तोच पातळ माल, तोच गम. मला वाटतं, मी बरोबर निवड केली.

पहिल्यांदाच शांत झोप लागली.

२२ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, हिवाळ्याचा सण. तांदळाच्या लाल-पांढऱ्या गोळ्यांचं गोड सूप डब्यात घेऊन जरा लवकर गेले, चारलाच. मधलं दार ढकललं. आई समोर उभी होती. हात जोडलेले. मला पाहून आणखी खाली वाकली. बोलू लागली: लिम खिम-हो, जन्म अमुक साली, बंदरामागची देवळाची गल्ली, चार नंबर, छापखान्याच्या वर, दुसरा मजला. सगळा पत्ता. एकदाही न अडखळता.

"माझी पोरगी आ-हुई शाळेतून आली असेल, मात्सू आई. दार बंद आहे. बाहेर थंडीत उभी असेल. तुम्ही जाऊन उघडाल का?"

डबा हातात तसाच. मी म्हटलं, "उघडलं."