बिनधुराड्याची शेकोटी

बार्न्सली,
९ फेब्रुवारी

प्रिय एडना आत्या,

समुद्रावरच्या वाऱ्याने तुझ्या गुडघ्यांना आता तरी दया दाखवली असेल अशी आशा करते. इकडे बाबांचा खोकला उतरला आहे, तक्रारी मात्र चढत्या आहेत. (गेल्या पत्रात मी ‘सगळं ठीक’ असं लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, म्हणून हे सविस्तर.)

ऑक्टोबरात बाबांना माझ्या फ्लॅटवर आणलं आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांची खुर्ची कुठे ठेवायची यावर घोडं अडलं. चाळीस वर्षं खाणीतून कोळसा काढलेला माणूस, आणि माझ्या खोलीला धुराडंच नाही. रेडिएटर आहे, पण बाबा म्हणाले, “त्याच्याकडे तोंड करून बसू? लोक म्हणतील म्हातारा भिंतीशी बोलतोय!” तेव्हापासून बॅग अर्धी भरलेली, आणि ‘एडनाकडे अजून खरी शेकोटी आहे’ हे वाक्य रोज चहाबरोबर. तुझं घर छानच आहे, आत्या, पण तुझा जिना आणि बाबांची छाती यांचं जमणार नाही असं डॉक्टर म्हणतात. (मला एकटीला करमणार नाही, हे डॉक्टर म्हणत नाहीत.)

खरं तर मलाही ती जुनी शेकोटी आठवते. लांब काट्याला पाव टोचून आपण भाजायचो. आग धरत नसली की हवेची ओढ वाढावी म्हणून आई वर्तमानपत्र शेकोटीच्या तोंडावर ताणून धरायची, आणि कागद मधोमध तांबूस व्हायला लागला की बाबा ओरडायचे, “मार्गी, फुटबॉलचं पान वाचायचंय अजून!” नाताळबाबाला लिहिलेली चिठ्ठी त्याच धुराड्यातून वर जायची. (मी तिच्यावर परतीचा पत्ता घालायचे.)

मग कळलं की धुराडं न लागणारी गॅसची शेकोटी मिळते, फक्त भिंतीला हवेसाठी कायम उघडं भोक हवं. घरातली कॉलेजला गेलेली पहिली मीच, तेव्हा माहितीपुस्तक तीनदा वाचलं, खोली मोजली आणि गॅसच्या मिस्त्रीचं, क्लेग यांचं, ओळखपत्र दोनदा मागितलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, “पोरी, मघापासून माझं नाव बदललेलं नाही.”

भोक पडत असताना बाबा टोपी घालून समोर बसले होते. “बाहेरचा गारठा आत घ्यायला पैसे मोजायचे म्हणजे कमाल आहे,” म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे फट दिसली की ती बुजवायची, एवढंच शिकवलेलं. आईने जुन्या पँटच्या पायांत चिंध्या भरून दाराखाली ठेवायला केवढाले साप शिवले होते!

शेकोटी पेटली. निखारे खोटे, ज्वाळा खऱ्या. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, मग सवयीने संत्र्याची साल आत टाकली. (ती मी चिमट्याने काढली.) तासाभरात शेकोटी आपोआप विझली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी बॅगेत पायजमे भरले, आणि मी क्लेगना जवळजवळ रडत फोन केला.

त्यांनी शेकोटीकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट भोकात हात घातला आणि बाबांचे दोन पायमोजे नि आईने विणलेला मफलर बाहेर ओढला. हवा कमी पडली की ही शेकोटी स्वतःच बंद होते. ती सोय नसती तर, आत्या, खोलीत विषारी वायू साठून हे पत्र लिहायला मी उरले नसते. क्लेग म्हणाले, “आजोबा, खाणीत हवेची वाट कुणी बुजवली असती तर काय केलं असतंत?”

“कानाखाली वाजवली असती,” बाबा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

आता शेकोटी नीट जळते. पण सकाळी राख काढायला नसते, म्हणून बाबा उठून नुसते उभे राहतात.

तुझी,
लॉर्ना

ता. क. — बाबांना एवढं लिहिशील का, की तुझ्या धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलंय आणि शेकोटी बंद आहे? (हे खोटं आहे हे मला कळतं. म्हणूनच मुख्य पत्रात घातलं नाही.)

ता. क. २ — पत्र टाकायला बाबाच जाताहेत. काळजी करू नकोस, पाकीट घट्ट चिकटवते.

(शेवटच्या पानामागे, पेन्सिलीने)

एडना, पाकीट किटलीच्या वाफेवर उघडतं हे कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं. शेकोटी भिकार आहे. पण पोरगी रोज दुपारी छत्री विसरले म्हणत कामावरून घरी येते, आणि मी जिवंत आहे ना, एवढं बघून परत जाते. पाऊस नसला तरी. हिला सोडून कुठे येऊ? कावळ्यांचं मात्र नक्की लिही. आयुष्यात पहिल्यांदा एवढं धड खोटं रचलंय तिने, ते फुकट जायला नको.