हिरड्याच्या दोन मुठी

नाशिक,
५ ऑगस्ट १९८४

तीर्थरूप गेणूमामांस,

सप्रेम जयभीम. इकडे सर्व कुशल, असं लिहायची सवय आहे, पण ते खोटं होईल. तुमचा खोकला कमी असावा. लंकामामींच्या गुडघ्यांना आराम पडला का, तेही कळवा. माझं विचाराल तर कालपासून डोकं तापलेलं आहे आणि त्याचं कारण तुम्ही आहात.

काल मी तुम्हाला हौसेने कॉलेजची प्रयोगशाळा दाखवायला नेलं. (हौस माझीच. भाचा काचेच्या भांड्यांत काम करतो हे तुम्ही कळवणला चार लोकांना सांगावं, अशी इच्छा होती. कबूल करतो.) तुम्हाला नीट सांगितलं होतं, की ट्रेमधले ते पातळ पडदे म्हणजे बोकडाच्या कातड्यातून काढलेलं कोलॅजेन. भाजलेल्या जखमेवर ते पांघरले की खालून नवी कातडी धरेल, अशी आशा आहे. नुसता पडदा अंगाच्या उबेने दोन-तीन दिवसांत विरघळतो, म्हणून औषध घालून त्याचे धागे एकमेकांना बांधायचे; पण इतकेही नाही, की जखमेवर चपलेचा तळ ठोकल्यासारखं व्हावं. तुम्ही मान डोलावलीत. मग विभागप्रमुखांनी बोलावलं म्हणून मी "मामा, कशाला हात लावू नका" असं सांगून पंधरा मिनिटं खाली गेलो. परत आलो तेव्हा तुम्ही स्टुलावर हाताची घडी घालून बसला होतात. (त्या घडीवरूनच मला संशय यायला हवा होता.) आणि स्टँडवर एस.टी. हलल्यावर खिडकीतून म्हणता, "नाथा, तुझं कातडं लय कच्चं व्हतं. दोन मुठी हिरडा टाकलाय. हालवत ऱ्हा, नाय तर डाग पडतील!"

टेबलावरचा तो हिरडा मी माझ्या पोटासाठी हरसूलच्या बाजारातून मागवला होता, मामा!

धावत परत गेलो. पाणी तांबूस, ट्रेमधले पाचही पडदे तांबूस. चार महिन्यांचं काम. सहावा पडदा वेगळ्या बशीत होता म्हणून वाचला. पुढच्या आठवड्यात दवाखान्याचे डॉक्टर बघायला येणार. पडदा उबेत सात दिवस टिकला नाही तर हे काम बंद, आणि मी पुन्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना ॲसिड वाटत फिरणार. तीस वर्षं कारखान्यात हिरड्याने कातडी कमावलीत, म्हणून दिसेल ते कातडं कमावायचं? मी ट्रेमध्ये पाय सोडून बसलो असतो तर माझेही कमावले असते! शिपाई भिकनने "कोणी केलं, सर?" विचारलं, तर मी "एक पाहुणे" म्हणालो. मामा म्हणालो नाही. राग हिरड्याचा होता की दुसरीच लाज होती, हे मला ठरवता आलेलं नाही, आणि त्यामुळे राग आणखी वाढला आहे.

पुन्हा प्रयोगशाळेत पाऊल ठेवू नये, ही विनंती.

आपला (अजून रागावलेला) भाचा,
नाथा

ता. क. : रागात पत्र टाकू नये म्हणून दहा दिवस ठेवलं. माझ्या औषधातला सहावा पडदा तिसऱ्या दिवशी विरघळला. तुमचे पाचही त्याच उबेत नऊ दिवस शाबूत आहेत. याचा मला फार राग आला आहे.

ता. क. दुसरा : डॉक्टरांनी परवा पडदे पाहून विचारलं, ही हिरड्याची कल्पना कोणाची? मी म्हणालो, वाचनात आली. घरी जेवण गेलं नाही. काल दवाखान्यात जाऊन सांगून आलो, की माझे मामा कातडी कमावतात, ही त्यांची. ते म्हणाले, "मग त्यांना का नाही आणलंत?" अजून सशांवर पाहायचं आहे, माणूस दूरच, पण वहीत तुमचं नाव शाईने लिहिलं आहे.

ता. क. तिसरा : वहीत 'दोन मुठी' चालत नाही, ग्रॅम लागतात. उरलेल्या हिरड्याच्या माझ्या दोन मुठी टाकून पाहिल्या. पडदा आक्रसून पापड झाला. तुमचीच मूठ तोलावी लागेल. पाऊल ठेवू नये असं वर लिहिलं आहे ते खोडत नाही, मला खाडाखोड आवडत नाही. पण सोमवारच्या पहिल्या एस.टी.ने या. हिरडाही आणा, माझं पोट अजून तसंच आहे.