तीन बोटं की तीन इंच

प्रिय मामा,

पाच महिने हे पत्र टाळलं. दोनदा वही घेतली होती. एकदा पेन चालत नव्हता, एकदा शेजारच्या लग्नात मंडप बांधायला गेलो तो तिसऱ्या दिवशी परत आलो. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. इकडं बोलावलं की मी तिकडं निघतो.

आज एका फॉर्मनं अडवलं. उद्या मामीला घेऊन पोलीस ठाण्यात जायचंय. तुम्ही गेल्यापासून तुमची रिव्हॉल्वर तिथंच जमा आहे, आता ती कायमची सरकारजमा करण्याचा अर्ज करायचा. मामी म्हणाली, "राजू, तूच भर बापा, तुले त्यातलं समजते." तुमचं नाव लिहिलं, अकोल्याचा पत्ता लिहिला, लायसनचा नंबर लिहिला. मग रकाना आला, 'नळीची लांबी'. आकडा पक्का करावा म्हणून पावती शोधायला तुमचा खण उघडला.

पावतीच्या खाली रिव्हॉल्वरचं ते चामड्याचं पाकीट होतं. कोटाखाली कंबरेला लावायला बाळापूरच्या रफीकचाचांकडून शिवून आणलेलं. कोरं करकरीत, आतून तेलाचा डागसुद्धा नाही. नळी जिथं शिरते तिथं मी सहज बोटं आडवी टेकवली. तीन मावली. चौथं बाहेर राहिलं.

मामा, तेव्हा मला कळलं. पाच महिन्यांनी!

तुम्हाला तो फोन आठवतो का? अमरावतीच्या कोर्टात तुमची ती प्लॉटवाल्यांविरुद्धची केस उभी होती आणि त्यांचा माणूस पायरीवर येऊन बोलून गेला होता, "वकीलसाहेब, अकोल्याचा रस्ता लंबा आहे, सांभाळून जात जा." म्हणून तुम्ही लायसन काढलं. आणि दुकानात बघायला मला पाठवलं. मला! दहावीत दोनदा आपटलेल्या, सतरा धंदे करून एकातही न टिकलेल्या राजूला. कारण जबलपूरला मी सहा महिने बंदुकीच्या दुकानात तेलपाणी, पुसापुशी केली होती. (तिथली खव्याची जिलेबी, मामा... जाऊ द्या.) घरात पहिल्यांदा कोणी माझं मत विचारलं होतं.

काउंटरवर दोन ठेवल्या होत्या. एक दोन इंची, एक तीन इंची. मी फोनवर सगळं सांगितलं. आखूड नळी लपते, कोटाखाली कोणाला दिसत नाही, पण हातात उसळते आणि नेम भरकटतो. लांब नळी हातात स्थिर राहते, पण बसताउठताना अडते. तुम्ही कोर्टाच्या गडबडीत होतात. म्हणालात, "मले लहानच पायजे. पाकीट शिवून आणलं आहे मी. तीनची घेजो."

तीनची. दुकानात शिकलेल्या माझ्या कानाला तीन म्हणजे तीन इंच. पण तुम्ही आयुष्यात कधी इंचानं मोजलंत का? तुमच्या घरात भातावर पाणी दोन बोटं, मामीच्या साडीचा काठ चार बोटं, नळ गेल्यावर टाकीत उरलेलं पाणीसुद्धा बोटांनीच. वकील झालात तरी तुम्ही शेतकऱ्याचे पोरगे. तीन बोटं म्हणजे दोन इंच. जी लहान होती तीच तुम्ही मागत होतात.

खरं सांगू? 'लहानच' हा शब्द मला खटकला होता. वाटलं, परत फोन करून विचारावं. पण मला स्वतःलाच ती तीन इंची आवडली होती, हातात घेतली तर खाली ठेववेना. आणि दुकानाबाहेर वरूडचा संत्र्यांचा ट्रक उभा होता, ड्रायव्हर ओळखीचा, म्हणाला, "चालतं का बे?" मी दुकानदाराला तीन इंची सांगितली आणि ट्रकात बसलो. एका फोनचं काम होतं.

ती आली तेव्हा सही करायला तुम्ही मला घेऊन दुकानात गेलात. उलटून पालटून पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणालात, "जमते." कावून, मामा? कोर्टात एकेक शब्द सोलणारा माणूस तुम्ही, मला एक शिवी देता आली नाही? "गाढवा, हे काय आणलं," एवढंच. आठ दिवसांनी गाडीत बसताना तुम्ही हसत म्हणालात, "राज्या, तुही पसंत मांडीले टोचते बे." आणि ती कपाटात ठेवून दिलीत. मीही हसलो होतो.

मूर्तिजापूरच्या पुढं, भर दुपारी, तुम्ही चहाला थांबलात. तिघं होते. काठ्या होत्या. आणि ती घरी, कपाटात, माझ्या पसंतीची.

जवळ असती तरी तुम्ही काढली असती का? उलटतपासणीत समोरच्या साक्षीदारालासुद्धा "बसा बापू, पाणी घ्या" म्हणणारे तुम्ही. मी स्वतःला हे रोज समजावतो. रोज ते फार तर चहा संपेपर्यंत टिकतं.

मामीचं तर त्याहून वाईट आहे. तिला वाटतं तिच्यामुळं झालं. "मीच कटकट केली रे, हत्यार पाह्यलं की समोरचा अजून चेकाळते, घरीच ठेवा म्हटलं. अन् त्यायनं माह्यं आयकलं. जन्मात कधी आयकलं नाई, तेच आयकलं." रोज सकाळी हेच. मी समोर बसून तिचा चहा गार होताना पाहतो.

आणि आता खरं कारण माझ्या हातात आहे. ते सांगितलं तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पण मग मी कुठं जाऊ, मामा? आई गेल्यावर हे एकच दार राहिलं आहे, कितीही दिवसांनी आलो तरी "जेवला का?" एवढंच विचारणारं. तिनं ते लावून घेतलं तर तिचं काय चुकेल?

दुपारभर विचार करतोय. डोक्यात दुसरं काही येत नाही. ते दार लागलं तर जगावंसं वाटावं असं काही उरणार नाही, पण मामीला रोज ते वाक्य म्हणताना ऐकणं त्याहून जड आहे. म्हणून वचन देतो. फॉर्मात मी तीन इंच लिहिणार, जे आहे तेच. आणि उद्या ठाण्यात जायच्या आधी, सकाळच्या चहाला, मामीला सगळं सांगणार. सांगून ट्रकात बसणार नाही. ती जा म्हणेपर्यंत बसून राहीन.

थांबा, फाटक वाजलं.

मामा, रफीकचाचा आलेत. खिडकीतून दिसतायत, हातात कापडी पिशवी. इतके महिने बुऱ्हाणपूरला लेकीकडं होते म्हणे, त्यांना काहीच माहीत नाही. अंगणातूनच मामीला सांगतायत, "भाभी, साहब को बोलो दूसरा पाकीट लाया हूँ. पहला छोटा पड गया था ना. साहब ने कहा, चाचा, अब चार उंगल का सी दो. भांजे ने बडे शौक से पसंद की है, वही लगाऊंगा."

मामी पाकीट हातात घेऊन उभी आहे. आता तिनं मागं वळून या खिडकीकडं पाहिलं.

जातो, मामा. उद्या नाही, आत्ताच.

तुमचा,
राजू