हनुमानचा नमस्कार

६ जुलै २००९, सोमवार
हनुमानने आज प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांना मिठी मारली! सातवीतलं पोरगं. अंगाने माझ्याएवढं, बुद्धीने बालवाडीतलं. भेटेल त्याला कवेत घेतो — शिपाई, खिचडीवाली बाई, शेळी. हेडमास्तरांना जन्मात कुणी एवढ्या प्रेमाने धरलं नसावं. लालबुंद!

८ जुलै
हसू संपलं. आज वर्गातल्या सीमाला धरलं. तिचे वडील गोपीचंद आले — "पोरगी मोठी झाली गुर्जी. एक तर तो राहील, न्हाईतर ती."
हेडमास्तर म्हणाले, दिवाळीपर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर नाव कमी. सुधारणा माझ्या गळ्यात. संस्कृतवाल्याला काम काय असतं!
त्याची आई पारुबाई मेंढरं सोडून धावत आलेली. "शाळंतून काडू नका. रानात ह्याला कुठं बांधून ठेवू?"

१४ जुलै
हिंगोलीहून रागिणीबाई आल्या. खास गरजांच्या मुलांसाठी शाळाशाळांतून फिरतात. मैदानात चुन्याने तीन वर्तुळं काढली. आत घरचे — मिठी चालेल. मध्ये मित्र — हात मिळवायचा. बाहेर बाकीचे — नमस्कार. "अख्ख्या वर्गाला शिकवा सर. त्याला एकट्याला वेगळं काढू नका."
तीन वर्तुळं मलाच आठवेनात, त्याला काय! सूत्र अल्पाक्षरी हवं. माझं एकच — हातभर लांब उभं राहून नमस्कार. सगळ्यांना.

६ ऑगस्ट
रोज खिचडीआधी सराव. सातवी समोरासमोर उभी राहून हात लांब करते, अंतर मोजते, नमस्कार करते. तह करायला आलेल्या राजांसारखी! हनुमानही हात लांब करतो — आणि गळ्यात टाकतो. पोरं खिदळतात.
वर्गातली आयेशा भडकली. "तुमी हसून राहिले म्हणून तो करून राहिला! सर, आधी यांना शिकवा."
बरोबर. आजपासून जो हसेल तो खिचडीच्या रांगेत शेवटी. पहिला मीच गेलो.

२ सप्टेंबर
जमलं! हनुमान सीमासमोर थांबला. हात पसरले... आणि जोडले. "नमस्ते." तिनेही केला. कुणी हसलं नाही. मी उगाचच फळा पुसत राहिलो.

१ ऑक्टोबर
महिनाभर एकही मिठी नाही. गोपीचंद रस्त्यात म्हणाले, "सुधरलं की पोरगं!" हेडमास्तरांनी त्याचं नाव पटावर कायम ठेवलं. मी परभणीच्या पेपरला गावच्या बातम्या पाठवतो. ही आजच पाठवली. शिक्षकाचं नाव घालावं की नाही, यावर बराच विचार केला. घातलं.

५ ऑक्टोबर
पारुबाई आली होती. आभार मानेल म्हणून मी खुर्ची सरकवली. बसली नाही.
"लई चांगलं केलं गुर्जी. पर सांजच्याला मी रानातून येते, तर लेकरू दारात हात जोडून हुबं. जवळ ओढलं की मागं सरकून राहिलं. मी आई हाय म्हून तुमीच सांगा ना त्याला."