ताईचं उपोषण

सुरत. रविवार, १२ एप्रिल, संध्याकाळ

नाही, पण उपोषणाले तिनंच काहून बसायचं? विभागाच्या ग्रंथालय कर्मचारी संघात दुसरा माणूसच नाही का? मागच्या वर्षी ताई अध्यक्ष झाली तेव्हा मीच इथं मिलमध्ये पेढे वाटले होते. वर्षभर खापा गावची लायब्ररी सांभाळून ती एसटीनं गावोगाव फिरली. खेड्यातल्या ग्रंथपालांचा पगार वाढावा म्हणून अर्जावर अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही. आता उद्यापासून नागपूरले, संविधान चौकात, तीन दिवस उपाशी. अन् तिले शुगर! सकाळची इन्सुलिनची सुई घेतली की अर्ध्या तासात जेवावंच लागते.

आत्ताच फोन केला. म्हटलं, "ताई, तुले काही झालं तं?"

"सातवीत शाळा सोडली अन् मले शिकवून राहिला का गा? वर्षभर सगळ्यांले लढू म्हणत फिरली मी, आता घरी झोपू?"

"अन् सुई?"

"पाहीन वेळेवर." हसली. मले नाही हसू आलं.

सुई घेतली तं उपाशीपोटी चक्कर. नाही घेतली तं शुगर वाढणार. दोन्हीकडून भीतीच.

संघाकडे काही उरलं नाही म्हणून मंडपाचं भाडं माझ्याकडे मागितलं तिनं. वाटलं, एकाच दिवसाचं पाठवावं, मंडप निघाला की उठेल. पण ओळखतो ना मी तिले. मंडप नसला तं तशीच उन्हात बसेल, नागपूरच्या.

तिन्ही दिवसांचे पाठवून राहिलो. साडेचार हजार.