आईची मैत्रीण गुंडक्का

५ जानेवारी, चिटगुप्पा
शूटिंग संपलं एकदाचं! इतकी वर्षं आमचे हे माझं लुगडं नेसून मोबाईलवरच्या व्हिडिओत गुंडक्का म्हातारी झाले, आता मोठ्या पडद्यावर. शेवटच्या सीनला माझं चांगलं इरकल लुगडं फाडलं. भांडायला गेले तर गुंडक्काच्या आवाजात म्हणतात, "कामून ओरडायलीस गं? तुझ्यापेक्षा मलाच शोभायलंय की!" हसू आलं. भांडण राहिलंच.

८ जाने.
गावात डोळे तपासायचं शिबिर. आधी कोणी फिरकत नव्हतं. मग हे गुंडक्का होऊन रांगेत पहिले. "माझ्या डोळ्यात बघ गा डाक्टर, लाजू नको." बाया पोट धरून हसल्या, मागं रांग लागली. मोतीबिंदूवाल्यांना आपल्याच गाडीतून गुलबर्ग्याला नेतात. कॅमेरा डिकीत, म्हाताऱ्या सीटवर. फार अभिमान वाटला आज. बोलून दाखवणार नाही, डोक्यावर बसतील.
आणि माझीच आई ऑपरेशनला तयार नाही. दोन्ही डोळे गेल्यात जमा...

९ जाने.
आळंदला आईला फोन. तिला गुंडक्का खरीच बाई वाटते. दिसत नाही, भावाच्या मोबाईलवर नुसती ऐकते. खरं सांगायचं राहून गेलं. आमच्यात सासू जावयाशी बोलत नाही. हे गेले की ती डोक्यावर पदर ओढून दाराआड. यांचा खरा आवाज तिला ठाऊकच नाही.
"गुंडक्का संगं आली तर जाते," म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला आणू नको. जावयापुढं कशी झोपू?"
यांना सांगितलं. "मग गुंडक्काच येईल की," म्हणाले.

१२ जाने., गुलबर्गा
एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. देवा! हे पँट-शर्टातच, आवाज तेवढा गुंडक्काचा. नर्स हसून बेजार. आई यांचा हात सोडेना. यांनी हळूच विचारलं (चोर!), "जावई कसा हाय गं तुझा?"
"माणूस सोन्यावानी हाय. पर दोन शब्द बोलायला न्हाई जमलं आमाला. रीतच तशी, काय करतीस."
"पाणी आणते," म्हणून हे बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत.

१३ जाने.
आज बिदरच्या थेटरवाल्यांना सिनेमातले काही सीन दाखवायचे होते. हे गेले नाहीत. पुन्हा बोलावतील की नाही, देव जाणे. इतक्या दिवसांचं काम! यांना त्याचं काहीच नाही.
आई सकाळपासून एकच, "पट्टी सुटली की पैल्यांदा गुंडक्काला बघते."
मी लुगडं आणलंय. नेसा म्हटलं.
"न्हाई. नवीन डोळ्यांना पैल्याच दिवशी फसवू व्हय?"
हे आईजवळ जाऊन बसले. तिनं सवयीनं हात धरला. हे आपल्या आवाजात म्हणाले, "मामी, गुंडक्का मीच हाय. तुमचा जावई."
आईनं मोकळ्या हातानं पदर ओढला, पार पट्टीच्या खालपर्यंत.
दुसरा हात अजून यांच्या हातातच आहे. पट्टी सोडायला डॉक्टर यायचेत.